इतिहासाचा ऑनलाइन अभ्यासक्रम: सवडीचा की वेळापत्रकाचा?

इतिहासाचा ऑनलाइन अभ्यासक्रम आपल्या सवडीने करावा की ठरलेल्या वेळेच्या थेट वर्गात बसावे, हा निर्णय बहुतेक जण शुल्क आणि व्याख्यानांची संख्या पाहून घेतात. लेखनसराव हवा असेल, तर आधी पाहायचे ते हे, की आपण लिहिलेले कोण वाचणार आणि किती दिवसांत.

व्याख्यानांपुरता सवडीचा अभ्यासक्रम सरस आहे, कारण अवघड भाग पुन्हा ऐकता येतो आणि ओळखीचा भाग ओलांडता येतो. लेखनाचे तसे नाही. ‘पहिले महायुद्ध १९१४ मध्येच का पेटले?’ या प्रश्नावर नवशिका विद्यार्थी हमखास तारखांची माळ ओवतो: २८ जूनला साराजेव्होत ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडची हत्या, २३ जुलैला ऑस्ट्रिया-हंगेरीचा सर्बियाला ४८ तासांच्या मुदतीचा निर्वाणीचा खलिता, २८ जुलैला युद्धाची घोषणा. यातली एकही तारीख चुकलेली नसते आणि तरीही ‘का’ तसाच राहतो. पर्याय निवडण्याच्या चाचणीत याला पूर्ण गुण मिळतील. हत्या आणि खलिता यांच्यामध्ये साडेतीन आठवडे का गेले, आणि जर्मनीने जुलैच्या पहिल्या आठवड्यात ऑस्ट्रियाला दिलेल्या पाठिंब्याला किती वजन द्यायचे, हे समासात विचारायला मात्र वाचणारा माणूसच लागतो.

थेट वर्गात तो असतो आणि मुदतही असते, पण निबंध तपासून येईपर्यंत वर्ग पुढच्या विषयावर गेलेला असतो आणि दुसरा खर्डा राहून जातो. सवडीच्या अभ्यासक्रमात पुनर्लेखनाला हवा तितका वेळ मिळतो. अडचण ही, की पहिला खर्डा मागणारेच कोणी नसते. (व्याख्यान दीडपट वेगाने ऐकता येते, निबंध तसा लिहिता येत नाही, म्हणून आधी निबंधच मागे पडतो.) जिथे सहाध्यायीच एकमेकांचे लेखन तपासतात, तिथे त्या टप्प्यावर दुसरे कोणी पोहोचेपर्यंत वाट पाहावी लागते.

म्हणून ज्याला आठवड्यातला एक ठरावीक दिवस लेखनासाठी राखता येतो, त्याने शिक्षक तपासून देणारा सवडीचा अभ्यासक्रम घ्यावा. ज्याचे काम मुदतीशिवाय हलत नाही, त्याला थेट वर्गच बरा. नाव नोंदवण्यापूर्वी तपासलेल्या एका निबंधाचा नमुना मागावा. त्यावर गुण आणि ‘छान प्रयत्न’ एवढेच असेल, तर ते शुल्क व्याख्यानांचेच आहे असे धरून हिशेब करावा.