हीटेड वेस्ट: गाडीच्या बॅटरीवर चालणारं घ्यावं की खिशातल्या?

थंडीत बाईक चालवायला हीटेड वेस्ट, म्हणजे आत विजेवर तापणारे पॅनल असलेलं बिनबाह्यांचं जाकीट, घ्यायचं मनात आलं की बहुतेक जण आधी वेस्टच शोधत सुटतात: किती पॅनल, किती लेव्हल, कॉलर गरम होते का वगैरे. हे सगळं नंतरचं. आधी दोन गोष्टी स्वतःला विचारा. गाडी कोणती, आणि एका बैठकीत किती वेळ चालवता? निम्मा निर्णय तिथेच होतो.

सलग दोन तासांच्या वर चालवत असाल आणि गाडी मोठी असेल, तर गाडीला वायरने जोडायचं १२ व्होल्टचं वेस्ट घ्या. रोजची ये-जा असेल किंवा गाडी लहान असेल, तर स्वतःची बॅटरी असलेलं. तासाभराच्या आतलाच प्रवास असेल आणि पारा फार खाली जात नसेल, तर यातलं काहीच नको, पैसे चांगल्या जॅकेटवर घाला.

वारा काय करतो ते आकड्यात बघा. तापमान ५ अंश असलं आणि ताशी ८० किलोमीटरचा वारा उघड्या कातडीवर लागला, तर ते उणे ३ अंशांच्या आसपास जाणवतं. शिवाय आपण बसून असतो, चालणाऱ्याच्या अंगात तयार होते तशी उष्णता इथे तयार होत नाही. छाती-पोट गार पडू लागलं की शरीर हातापायांकडचा रक्तपुरवठा आखडतं आणि बोटं बधिर होतात. क्लच आणि ब्रेक नेमके त्याच बोटांत. म्हणून बाह्या नसलेलं वेस्टसुद्धा हातांना उपयोगी पडतं. पण वारा थेट बोटांच्या पेरांवर बसतो, तेव्हा हीटेड ग्रिप (तापणारी मूठ) किंवा हँडगार्डची (मुठीपुढची वारा अडवणारी ढाल) गरज वेस्टने संपत नाही.

वायरवालं वेस्ट साधारण ४५ ते ६५ वॉट घेतं, म्हणजे चार-पाच अँपिअर. ऊब लगेच येते आणि इंजिन चालू आहे तोवर संपत नाही. जॅकेटखाली तीन-तीन थर घालून फुगायची गरज उरत नाही, मान मोकळी वळते. लांबच्या प्रवासात हा फरक मोठा असतो.

अडचण गाडीची असते. लहान सिंगल सिलिंडर गाड्यांचं चार्जिंग, म्हणजे इंजिन चालताना तयार होणारी वीज, बेताचंच असतं आणि हेडलाइट, इग्निशन, पेट्रोल पंप त्यातला बराच भाग आधीच खातात. त्यात चार्जिंगचा छापील आकडा चढ्या आरपीएमचा, म्हणजे इंजिन जोरात फिरत असतानाचा असतो. सिग्नलला उभ्या गाडीत तो मिळत नाही, वेस्ट मात्र तेवढंच ओढत राहतं. म्हणून वॉटच्या बेरजा करत बसण्यापेक्षा व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर लावा. हेडलाइट चालू, वेस्टइतकाच लोड जोडलेला (ओळखीच्याचं वेस्ट मिळालं तर उत्तम), आणि इंजिन तुमच्या नेहमीच्या आरपीएमला. बॅटरीच्या टोकांवर साडेतेराच्या वर व्होल्ट दिसले तर निर्धास्त राहा. तेराच्या खाली गेले तर बॅटरी भरत नाही, रिकामी होतेय, आणि हे तुम्हाला चहाला थांबल्यावर स्टार्टर दाबताना कळेल. वायर थेट बॅटरीवरून घ्यायची आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ ठेवायचा. हेडलाइटच्या वायरिंगमधून जोड काढून देणारा मेकॅनिक भेटला तर त्याला नम्रपणे नको म्हणा.

वायर जोडलेली असताना गाडीवरून उतरणं सगळ्यांचंच होतं. झटक्याने सुटेल असाच प्लग हवा, आणि तो जॅकेटच्या खालच्या कडेतून मांडीजवळ बाहेर यावा. पुढे टाकीवर लोंबकळणारी वायर हँडलमध्ये अडकते.

खिशातल्या बॅटरीवालं वेस्ट बहुधा ७.४ व्होल्टचं असतं. ५ अँपिअर-तासांचा पॅक म्हणजे ३७ वॉट-तास. वेस्ट १५ वॉटवर चालवलं तर हिशेबाने अडीच तास, प्रत्यक्षात त्याहून कमी. खोक्यावरचे ‘आठ तास’ सर्वांत मंद लेव्हलचे असतात, आणि ८० च्या वेगात मंद लेव्हल चालू आहे की बंद हेही कळत नाही. पॉवरबँकवर चालणारी यूएसबी वेस्टं तर बऱ्याचदा १० वॉटच्या घरातली. ती चालायला ठीक, बाईकवर माझ्या मते पैसे वाया.

तरी या प्रकाराची एक बाजू वायरवाल्याला जमत नाही: गाडी सोडली तरी ऊब सोबत येते. मागे बसणाऱ्याला चालतं, मित्राच्या गाडीवर चालतं, वायरिंगला हात लावावा लागत नाही. लिथियम बॅटरी थंडीत ढेपाळते, पण पॅक जॅकेटच्या आत अंगालगत असल्याने ते फारसं जाणवत नाही. गारठलेल्या गॅरेजमध्ये मात्र ती चार्ज करू नका. शून्याखाली चार्जिंग केल्याने सेल कायमचे खराब होतात.

एक गोष्ट जाहिरातीत कुणी दाखवत नाही, ती म्हणजे पॅक कुठे बसतो. बऱ्याच वेस्टमध्ये खिसा कुशीला, बरगडी आणि कंबरेच्या मध्ये असतो. पडल्यावर अंग बऱ्याचदा त्याच बाजूवर आपटतं, आणि तिथे हा टणक ठोकळा. घालून, जॅकेटची चेन लावून, बाईकवर बसल्यासारखं वाकून बघा. टोचत असेल तर दुसरं बघा. पडल्यानंतर पॅक चेपलेला किंवा फुगलेला दिसला तर पुन्हा चार्ज करू नका.

दोन्ही प्रकार अंगाला घट्ट बसायला हवेत, पातळ थर्मलवर आणि वारा न शिरणाऱ्या जॅकेटच्या आत. जाळीच्या जॅकेटखाली कितीही वॉट घाला, वारा ते घेऊन जातो. उघड्या अंगावर घालू नका. ४४ अंशांसारखी सुसह्य ऊबसुद्धा तासन्‌तास एकाच जागी राहिली तर कातडी भाजते, आणि मधुमेहाने संवेदना कमी झालेल्यांना ते कळतही नाही. पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

दोन गाड्या असतील तर वायरवालं वेस्ट एकच पुरतं, दुसऱ्या गाडीला फक्त फ्यूजची वायर वेगळी बसवायची. प्लग मात्र कंपनीगणिक वेगळे निघतात, तेव्हा वायर आणि वेस्ट एकाच ठिकाणी जोडून बघूनच घ्या.