फोटोशॉप कीबोर्डवरून : काही महिन्यांच्या वापरानंतर

वेब डिझाइनरच्या दिवसाचा मोठा भाग फोटो कापण्यात, पार्श्वभूमी काढण्यात, एकच बॅनर तीन-चार मापांत बसवण्यात आणि फाइल हलकी करण्यात जातो. तीच कामं, रोज. म्हणून फोटोशॉप शक्य तितकं कीबोर्डवरूनच चालवायचं ठरवलं. आता बरेच महिने झाले. वेळ वाचतोच, पण माझ्या लेखी त्याहून मोठा फायदा हा की नजर चित्रावरून हलत नाही. मेन्यूत काही शोधायला डोळे वर गेले, की कडेला दिसलेला बारीक दोष पुन्हा हुडकावा लागतो.

याचा खरा प्रत्यय मास्क (चित्राचा कुठला भाग दिसावा आणि कुठला लपावा हे ठरवणारा काळा-पांढरा थर) रंगवताना येतो. 'बी' दाबून ब्रश घ्यायचा, 'डी'ने रंग मूळ काळा-पांढरा करायचा आणि मग 'एक्स'वर बोट ठेवून काम सुरू. काळ्याने लपवायचं, जास्त गेलं तर 'एक्स' दाबून पांढऱ्याने परत आणायचं. चौकटी कंसाच्या दोन कळांनी ब्रश लहान-मोठा होतो, शिफ्टसोबत त्याच कळा कडेचा मऊपणा बदलतात. आकडे दाबले की ब्रशची अपारदर्शकता बदलते : 3 म्हणजे 30 टक्के, झटपट 3 आणि 5 म्हणजे 35. मास्क कुठे कच्चा राहिलाय हे बघायला उलटी तिरकी रेघ दाबायची, लाल थर दिसतो. ऑल्ट धरून मास्कच्या लघुचित्रावर क्लिक केलं तर नुसता मास्क काळा-पांढरा दिसतो आणि राहून गेलेले ठिपके लगेच उघडे पडतात. केसांच्या कडा काढताना हा सगळा संच दोन्ही हातांत भिनला, तेव्हा कुठे मास्किंग मला आवडायला लागलं.

अशीच एक सोय कमी लोक वापरतात. एखाद्या टूलची कळ दाबून धरली तर ते टूल तेवढ्यापुरतंच हाती येतं आणि कळ सोडली की आधीचं टूल परत मिळतं. ही सोय 2008 च्या सीएस4 या आवृत्तीपासून आहे. ब्रश चालू असताना मूव्ह टूलची 'व्ही' ही कळ धरून लेयर (चित्राचा सुटा थर) जरा सरकवायचा आणि सोडून द्यायचं, बस्स.

मांडणीच्या कामात बाणांच्या कळा हव्यातच. मूव्ह टूल हाती असेल तर एका दाबाला 1 पिक्सेल, शिफ्टसोबत 10. एका ओळीत सारख्या अंतरावर आयकॉन हवे असतील तर पहिली प्रत कंट्रोल-ऑल्ट-टीने करून सरकवायची, एंटर दाबायचं आणि मग कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-टी दाबत राहायचं. प्रत्येक नवी प्रत तेवढ्याच अंतरावर पडते.

कंट्रोल-1 ने चित्र 100 टक्क्यांवर येतं. धारदारपणा ठरवायचा तो याच मापावर, कारण 66.7 टक्क्यांवर दिसणारी धार फसवी असते. दाट पिक्सेलच्या स्क्रीनवर मात्र साध्या मापाचं चित्र 200 टक्क्यांवर बघावं, ब्राउझरमध्ये ते जवळपास तेवढंच दिसतं.

मूळ शॉर्टकटांपैकी एक मी मुद्दाम बदलला. कंट्रोल-एमने उघडणारे कर्व्ह्ज (चित्राचा उजेड आणि रंग वक्ररेषेने बदलायची सोय) साध्या लेयरवर थेट पिक्सेल बदलतात. क्लायंट आठवड्याने "पहिल्यासारखंच ठेवा" म्हणतो, तेव्हा असा बदल सुटा काढता येत नाही. म्हणून तीच कळ कर्व्ह्जच्या ॲडजस्टमेंट लेयरला, म्हणजे मूळ पिक्सेलना हात न लावता वर बसणाऱ्या बदलाच्या सुट्या थराला, दिली. एडिट मेन्यूतल्या कीबोर्ड शॉर्टकट्समध्ये हे करता येतं, आणि कळ आधीच कुठे वापरात असेल तर तिथेच इशारा मिळतो. हा एक बदल मी प्रत्येकाला सुचवेन.

उणिवाही आहेत. जुन्या 'सेव्ह फॉर वेब'साठी कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-एस अशा चार कळा लागतात, डाव्या हाताला त्या जड जातात. 2015 पासून या कमांडपुढे 'लेगसी' लिहिलेलं असतं, तरी फाइलचं वजन डोळ्यांसमोर ठेवून जेपीईजीची गुणवत्ता कमी-जास्त करायला मला तीच खिडकी सोयीची वाटते. दुसरं, मजकुरात कर्सर असताना एका अक्षराचे शॉर्टकट चालत नाहीत, ती अक्षरं मजकुरातच उमटतात. आधी कंट्रोल-एंटर दाबून मजकूर पक्का करायचा, मग पुढचं टूल. ही सवय लागायला वेळ जातो. आणि 2019 च्या आवृत्तीपासून कंट्रोल-झेड एकेक पायरी मागे मागे जातं. जुन्या आवृत्तीवर हात बसलेल्यांना आधी-नंतर अशी तुलना करायला आता कंट्रोल-ऑल्ट-झेड दाबावं लागतं.

शॉर्टकटांची लांबलचक यादी पाठ करण्यात मला अर्थ वाटत नाही. जी कमांड मेन्यूतून वारंवार उघडावी लागते, तिच्याच नावासमोर तिची कळ छापलेली असते. ती तेवढी घ्यावी. कळ छापलेली नसेल तर स्वतःची द्यावी. शंभर फोटो एकाच मापात आणायचे असतील तर कुठलाच शॉर्टकट उपयोगाचा नाही. तिथे ॲक्शन (एकदा नोंदवून पुन्हा पुन्हा चालवता येणाऱ्या पायऱ्या) नोंदवून ती सगळ्या फाइलींवर एकदम, म्हणजे बॅचने, चालवावी किंवा स्क्रिप्ट्समधला इमेज प्रोसेसर वापरावा. ॲक्शनला एफ2 ते एफ12 पैकी एखादी कळ देता येते, ते वेगळं.

आपले बदललेले शॉर्टकट केवायएस फाइलमध्ये आणि ॲक्शन एटीएन फाइलमध्ये जतन करता येतात. या दोन्ही फाइली संगणकाबाहेर कुठेतरी जपून ठेवा. नव्या मशीनवर फोटोशॉप बसवलं की कामाची पहिली फाइल उघडण्याआधी त्या लोड करा.