नेहरू स्टेडियमजवळचं बॅटचं दुकान, आणि बिलावरचे 160 रुपये

लेक 12 ची झालीये, सिलेक्शन ट्रायलला जायचंय म्हणून नवीन बॅट हवी होती. आधीची ऑनलाइन मागवलेली, ती तीन महिन्यात खालून चिरली, म्हणून या वेळी ठरवलं की दुकानात जाऊन, हातात धरून बघूनच घ्यायची. पुण्यात स्वारगेटला नेहरू स्टेडियमच्या आसपास खेळाच्या सामानाची दुकानं आहेत त्यातलं हे एक, दोघा भावांचं, छोटंसंच.

काकांनी किंमत वगैरे काही न बोलता आधी लेकीला विचारलं, लेदर बॉल की टेनिस? लेदर म्हटल्यावर साइज 6 च्या चार काश्मीर विलो (काश्मिरी विलो लाकडाच्या बॅटी) काढल्या आणि म्हणाले, वरच्या एकाच हाताने उचल, मनगट वाकलं तर ती बॅट तुझी नाही. तिसरी बॅट बरोब्बर उचलली गेली. मग त्यांनी लाकडी हातोडीने ब्लेडवर टक टक करून आवाज ऐकवला, कडेला आवाज कसा बदलतो तेही दाखवलं, जवसाचं तेल किती लावायचं (अगदी हलका हात, हँडलजवळच्या जोडाला अजिबात नाही) ते सांगितलं, टो गार्ड (बॅटच्या खालच्या टोकाला लावायची पट्टी) बसवून दिला आणि दोन दिवसात नॉकिंग (हातोडीने ठोकून ब्लेड खेळण्यासाठी तयार करणं) करून देतो म्हणाले, त्याचे वेगळे पैसे नाहीत. एवढ्या आपुलकीने मला तरी अजून कुठल्या दुकानात कुणी वागवलेलं नाही.

बॅट 3,200 ची, वर 160 जीएसटी, म्हणजे 3,360. पक्कं बिल, न मागता. काका म्हणाले, "ताई, 22 सप्टेंबर 2025 च्या आधी आला असतात तर 12 टक्के लागला असता, आता 5 आहे." आणि मग तेच पुढे म्हणाले की आमची दोघांची पार्टनरशिप, नफ्यावर सरळ 30 टक्के इनकम टॅक्स, वर सेस, आम्ही भरतो, तक्रार नाही, पण ज्या आयपीएलमुळे पोरं बॅट घ्यायला येतात ती चालवणाऱ्या बोर्डाला मात्र धर्मादाय संस्था म्हणून सूट, हे काही पटत नाही.

घरी येऊन मी वाचत बसले. बीसीसीआयला धर्मादाय म्हणून नोंदणी मिळाली 1996 साली, म्हणजे ज्या वर्षी याच नेहरू स्टेडियमवर केनियाने वेस्ट इंडिजला हरवलं. तेव्हा आयपीएल नव्हतीच. नंतर इनकम टॅक्सवाल्यांनी म्हटलं की हा आता धंदा झालाय, पण नोव्हेंबर 2021 मध्ये मुंबईच्या इनकम टॅक्स ट्रायब्युनलने (टॅक्सचे वाद ऐकणारं अपील न्यायाधिकरण) बोर्डाच्या बाजूने निकाल दिला, की स्पर्धा लोकप्रिय केली, स्पॉन्सर आणले म्हणून क्रिकेट वाढवण्याचं मूळ काम काही बदलत नाही. टीम मात्र कंपन्या आहेत, त्या टॅक्स भरतात, खेळाडूही भरतात, आणि बोर्ड राज्य संघटनांना पैसे देतं हेही खरंय, ते मान्य करायलाच हवं. पण 2023 ते 27 चे नुसते मीडिया राइट्स 48,390 कोटींना गेलेत हो. एवढ्या पैशाला आणि एखाद्या गावच्या तालमीच्या ट्रस्टला एकच नियम कसा लावायचा?

अमेरिकेत एनएफएलच्या (त्यांच्या फुटबॉल लीगच्या) ऑफिसला अशीच सूट होती, ती त्यांनी 2015 मध्ये स्वतःहून सोडली, बेसबॉलवाल्यांनी तर 2007 लाच. आपल्याकडे प्रेक्षकाला आयपीएलच्या तिकिटावर 40 टक्के जीएसटी, म्हणजे 1,000 चं तिकीट 1,400 ला. तिकीट काढणारा बाप चैन करतोय असं धरायचं आणि लीग चालवणारा धर्म करतोय असं धरायचं, हे मला अन्यायाचं वाटतं. मैदानं, ज्युनियर स्पर्धा, मुलींचं क्रिकेट यावर जो खर्च होतो त्याला सूट खुशाल द्या, लीगचा हिशोब वेगळा काढा आणि त्यावर टॅक्स लावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

असो, दुकानाचं बोलायचं तर 5 पैकी 5. दुपारी 1 ते 4 बंद असतं, गाडी लावायला जागा नाही, तेव्हा बसने जा, स्वारगेट स्टँडवरून चालत अंतर आहे. इंग्लिश विलोत फार चॉइस नाही, मोठ्या मुलांसाठी हवी असेल तर आधी फोन करून विचारा. बॅट दोन दिवसांनी सांगितल्या वेळेला तयार होती, आणि काकांनी लेकीच्या हाताच्या मापाने ग्रिप जरा वर सरकवून दिली होती, ते मी सांगितलंही नव्हतं.