टेट मॉडर्न, लंडन : टर्बाइन हॉलमधली बुजवलेली भेग चुकवू नका

टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात गेलात तर टर्बाइन हॉल या मोठ्या दालनात शिरल्या शिरल्या आधी खाली बघा. काँक्रीटच्या जमिनीत एक वेडीवाकडी बुजवलेली रेघ आहे, लोक तिच्यावरून बिनधास्त चालत असतात. मला तरी जवळ पाटी दिसली नाही, ती ठळक हवीच होती.

कोलंबियाच्या शिल्पकार डोरिस साल्सेदो यांनी २००७ च्या ऑक्टोबरमध्ये ही जमीनच फोडली होती. १६७ मीटर लांब भेग, सुरुवातीला केसाएवढी आणि मग रुंद नि खोल होत गेलेली, आत कुंपणाची जाळी. वंशभेद आणि युरोपात बाहेरून आलेल्यांना मिळणारी वागणूक हा विषय. एप्रिल २००८ मध्ये प्रदर्शन संपलं आणि भेग बुजवली.

कामाचं नाव 'शिबोलेथ'. बायबलमध्ये आहे, युद्ध हरून पळणाऱ्या एफ्राइमच्या माणसांना गिलादवाले जॉर्डन नदी पायी ओलांडायच्या जागी अडवून हा शब्द म्हणायला लावायचे, 'श' चा 'स' झाला की ठार. ४२,००० माणसं मेली असं लिहिलंय आणि दोन्हीकडचे इस्राएलीच, भाऊबंदच म्हणा ना.

मी हे वाचलं आणि मला अकरावीचा वर्गच आठवला. गावाकडून पुण्यात आले होते, पहिल्याच दिवशी 'पानी' म्हणाले तर बाई हसल्या आणि मग अख्खा वर्ग हसला, वर्षभर मी ण असलेला शब्द तोंडात आधी घोळवून मगच बोलायचे. आपल्याकडे एका ण वरून, एका ळ वरून माणसाचं गाव, जात सगळं ठरवून मोकळे होतात. त्यामुळे लंडनमधलं हे काम मला परकं वाटलंच नाही.

माझे आप्पा गवंडी. तिथे उकिडवं बसून त्यांना व्हिडिओ कॉल लावला, भरलेल्या भागाचा रंग जरा वेगळा आहे तो जवळून दाखवला. म्हणाले, "जुन्या कोब्यात नवा माल भरला की सांधा दिसनारच, किती बी घोट." मग विचारलं, "पर फोडली कशी एवढी सरळ जिमीन?" ते साल्सेदोबाईंनी तेव्हाही कुणाला सांगितलं नव्हतं. आप्पा मात्र अजून फोनवर रोज नवी युक्ती सांगतायत.

हॉलला तिकीट नाही. सेंट पॉल्सकडून मिलेनियम ब्रिजवरून चालत या, आणि रेघेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश जा.