डायना 27 : आठ महिने वापरली, त्यातला निम्मा वेळ एका आकड्यात गेला

डायना 27 म्हणजे हवेच्या दाबावर छर्रा मारणारी जर्मन बंदूक. आमच्या घरात हिला ‘साहेबाची बंदूक’ म्हणतात. 1948 साली कॅम्पातला गोरा साहेब विलायतेला जाताना आजोबांना देऊन गेला, असं आबा येईल त्या पाहुण्याला सांगतात. मी माळ्यावरून उतरवली तेव्हा छर्रा नळीच्या तोंडाशी येऊन टपकन खाली पडायचा. पिस्टनचा चामडी वॉशर वाळून पापडागत झालेला.

नवा वॉशर मागवायला गेलो, तर विकणारा विचारतो, साल कुठलं? आणि 1800 रुपये. साल शोधायला घेतलं, 1800 द्यायचा विचार सोडला. अथणीच्या एका चपलावाल्या मामांनी जुन्या वॉशरवरून 60 रुपयांत करून दिला. तो आजही चालतोय.

1948 मात्र बसेना. डायनाचा कारखाना जर्मनीत राश्टाटला. महायुद्धानंतर तिथली यंत्रं ब्रिटनला गेली आणि स्कॉटलंडात मदरवेलला मिलब्रो कंपनी डायना याच नावानं बंदुका काढू लागली. जर्मनांचं काम पुन्हा सुरू झालं ते 1950 च्या सुमाराला. माझ्या नळीवर तर मेड इन जर्मनी आहे. आबा म्हणाले, “मग युद्धाच्या आधीची असंल की.” मलाही पटलं होतं. पण ट्रिगर उघडला आणि तीन बारक्या स्टीलच्या गोळ्या फरशीवर घरंगळल्या. एक कपाटाखालून काढली. हा गोळ्यांचा ट्रिगर युद्धानंतरचा. साहेब गेला उडत.

आता खरं दुखणं. या बंदुकांवर महिना आणि साल ठोकलेलं असतं, सिलिंडरच्या मागच्या टोकाला, डाव्या अंगाला, लाकडाच्या अगदी काठाशी. आकडे तिळाएवढे. मी वॉशरच्या आधी बंदूक एका दुकानात दिली होती, “स्प्रिंग तेवढी बघा” म्हणून. त्यानं न विचारता बफ मारून आरसा केला आणि 350 रुपये घेतले. गंजाबरोबर शेवटचा आकडाही घासला. 10 दिसतो, 6 दिसतो, पुढं नुसता डाग. शून्य, सहा, आठ, काहीही म्हणा.

तीन रात्री घालवल्या. दिवा बंद, मोबाईलचा टॉर्च नळीला आडवा टेकवलेला, खाचेत खडूची पूड चोळून वरून बोटानं पुसायची. तिसऱ्या रात्री पोट बंद आणि डोकं उघडं असा आकडा उमटला. सहा. ऑक्टोबर 1966. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादासाठी महाजन आयोग नेमला तोच महिना! आमच्याकडं सीमाभागात हे साल कुणाला सांगावं लागत नाही.

बाकी बंदूक झकास. मागच्या परड्यात 10 मीटरवरून सोड्याची बुचं पाडतो. सुरुवातीला शिलाई मशीनचं तेल घातलं आणि धूर, फटाक्यासारखा बार; दाबलेली हवा तापून तेलच पेटतं, स्प्रिंगची वाट लागते. तसं करू नका.

आबांना साल सांगितलं. ते म्हणाले, “साहेब उशिरा गेला असंल.”

परवा त्या दुकानदाराचा फोन आला, नळीला निकेल करून देऊ का म्हणून. मी 350 परत मागितले. त्यानं फोन ठेवला.