रोज एक पान, आणि माझी सतरा पानांची थकबाकी

ख्रिस्ती प्रवचनकार ऑसवाल्ड चेंबर्स यांचं 'माय अटमोस्ट फॉर हिज हायेस्ट' नऊ महिने वापरलं. हो, 'वापरलं'च म्हणते, कारण रोजच्या मननाची पुस्तकं वाचून संपवायची नसतातच. रचना ठाऊक असेलच: वर तारीख, खाली बायबलमधलं वचन, मग पानभर मजकूर.

माझं भांडण त्या तारखेशी आहे. फेब्रुवारीत ताप आला, मग पाहुणे, मग निव्वळ आळस. पुस्तक उघडलं तेव्हा खुणेची फीत ९ तारखेवर आणि भिंतीवरचं कॅलेंडर २६ वर. सतरा पानं बाकी! एका बैठकीत सगळी उरकली, थकलेलं बिल भरावं तशी. त्यातलं एक वाक्य आठवत असेल तर शपथ. नुसते क्रमांक छापले असते तर काय बिघडलं असतं? (अक्षरं मुंगीएवढी आहेत आणि जूनमध्ये पानं सुटायला लागली. पण सर्वांत स्वस्त आवृत्ती मीच शोधून घेतली होती, त्यामुळे त्यावर गप्प.)

दोन तारे देऊन मोकळी होणार होते. मग प्रस्तावना वाचली, जी मी आधी अर्थातच वगळली होती. तिच्याखाली पूर्ण नाव नाही, फक्त आद्याक्षरं. शोधलं तर कळलं, चेंबर्स यांनी हे पुस्तक लिहिलंच नाही. सैनिकांमध्ये काम करताना १९१७ साली, अवघ्या ४३ व्या वर्षी ते इजिप्तमध्ये वारले. पत्नी बिडी त्यांची प्रवचनं लघुलिपीत टिपून ठेवत. त्या टिपणांतून त्यांनी एकेका दिवसाचं पान जुळवलं आणि १९२७ साली पुस्तक आलं. वाक्यं अशी अंगावर का येतात, ते तेव्हा उमगलं. ती बोललेली आहेत! तेव्हापासून मोठ्याने वाचते, आणि डोळ्यांनी वाचताना कोरडी वाटलेली पानं आता लागतात. तीन तारे.

चौथा तारा मिळाला तो दुसऱ्याच पुस्तकामुळे. ब्रदर लॉरेन्स यांचं 'द प्रॅक्टिस ऑफ द प्रेझेन्स ऑफ गॉड' हे इतकं बारीक आहे की पैसे देताना जिवावर आलं (जुनं इंग्रजी भाषांतर इंटरनेटवर फुकट आहे, हे नंतर कळलं, असो). सतराव्या शतकातले पॅरिसच्या मठातले हे स्वयंपाकी. पूर्वी सैनिक, पाय अधू, आणि स्वयंपाकघराचा मुळात तिटकारा. हेही पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर संवाद आणि पत्रं गोळा करून केलेलं. त्यांची रीत अशी: चुकलं की देवापाशी कबूल करायचं, तू सांभाळलं नाहीस तर मी असाच चुकणार म्हणायचं, आणि पुढच्या कामाला लागायचं. थकबाकी भरत बसायचं नाही. पण हे जमेपर्यंत त्यांचीही पहिली दहा वर्षं ओढाताणीत गेली, हेही ते पत्रात सांगतात. माझे तर नऊच महिने झालेत.

'इमिटेशन ऑफ ख्राइस्ट' अर्ध्यावर ठेवलंय. मन आधीच खचलेलं असेल तर त्यापासून सुरुवात करू नका, फार रागावतं. विश्वासाबद्दल प्रश्नच प्रश्न असतील तर सी. एस. लुईस यांचं 'मियर ख्रिश्चॅनिटी' घ्या. मूळची रेडिओवरची भाषणं आहेत, सरळ कानात शिरतात. शिस्त अंगात असेल तर चेंबर्स. माझ्यासारख्यांनी आधी लॉरेन्स.

चेंबर्स अजून चालू आहे. आज फीत ३ एप्रिलवर आहे. कॅलेंडरवर ऑक्टोबर.