इम्पोर्टेड परफॉर्मन्स गाडीत काय भरायचं: साधं, ९५ की १००?

पंप निवडण्याआधी टाकीचं झाकण उघडा आणि आतलं स्टिकर नीट वाचा. युरोपातून आलेल्या गाडीवर गोलात ई५ किंवा ई१० (पेट्रोलमध्ये जास्तीत जास्त इतके टक्के इथेनॉल चालेल) लिहिलेलं असतं आणि त्याच्याजवळ ९५ किंवा ९८ हे ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली आपोआप न पेटण्याची पेट्रोलची क्षमता. हा आकडा आरओएन मापाचा, म्हणजे आपल्या पंपांवरच्याच मापाचा. बऱ्याच दमदार गाड्यांच्या पुस्तिकेत ९८ ची शिफारस असते आणि किमान ९५ सांगितलेलं असतं. शिफारशीपेक्षा कमी भरलं तर थोडी ताकद जाते. किमानापेक्षा कमी मात्र भरायचंच नाही.

अमेरिकन पुस्तिका हाती असेल तर जपून. तिथल्या पंपावरचा ९१ हा आकडा वेगळ्या पद्धतीने काढतात. आपल्या मापात तो ९५-९६ च्या घरात जातो आणि तिथला ९३ सुमारे ९८ होतो. खास जपानी बाजारासाठी बनलेल्या नव्वदच्या दशकातल्या टर्बो गाड्या तर तिथल्या हाय-ऑक्टेनवर, म्हणजे जवळपास १०० वर बेतलेल्या असतात. अशी गाडी असेल तर पुढची बरीच चर्चा तुमच्यासाठी नाही. तिला १०० च द्या.

आता साधं पेट्रोल. आपल्याकडे ते एकेकाळी ८८ ऑक्टेनचं होतं, पुढे ९१ झालं, आणि ई२० आल्यावर ते ९५ पर्यंत पोहोचल्याचं पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये सांगितलं. म्हणजे ‘इथलं पेट्रोल ९१ चं, गाडी मरेल’ ही जुनी तक्रार आज तशीच्या तशी लागू होत नाही. ऑक्टेन वाढलं ते इथेनॉलमुळे, आणि माझ्या मते आता खरा प्रश्न इथेनॉलचाच आहे. लिटरमागे त्याच्यात पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे ई२० मध्ये एकूण ६-७ टक्के ऊर्जा कमी मिळते आणि ॲव्हरेज घसरतं. त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे ज्या गाडीवर ई१० लिहिलंय तिच्या रबरी नळ्या, सील आणि फ्युएल पंप दुप्पट इथेनॉल गृहीत धरून बनवलेले नाहीत. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे पार्किंगमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीत हे जास्त जाणवतं, कारण इथेनॉल ओल धरून ठेवतो. गोल्फ जीटीआयसारखी २०२५ मध्ये अधिकृतपणे आलेली नवी गाडी घेत असाल तर ई२० आणि वॉरंटीबद्दल डीलरकडून लेखी घ्या. तोंडी ‘काही होत नाही सर’ पुढे उपयोगी पडत नाही.

लिटरमागे काही रुपये जास्त घेणारं ९५ चं प्रीमियम, म्हणजे एक्सपी९५ किंवा पॉवर९५, याची बाजू पूर्वीइतकी भक्कम राहिलेली नाही. साधंच कागदावर ९५ झाल्यावर उरतात ती इंजिन स्वच्छ ठेवणारी ॲडिटिव्ह्ज. ती इंजेक्टरसाठी चांगली, पण थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन त्यांनी निघत नाही, कारण पेट्रोल त्या व्हॉल्व्हवरून जातच नाही. तरी ज्या पंपावर खप चांगला आहे तिथून हेच भरत असाल तर बदलायचं कारण नाही.

१०० ऑक्टेनची गोष्ट वेगळी. इंडियन ऑइलचं एक्सपी१०० १ डिसेंबर २०२० ला आलं. मथुरा रिफायनरीत बनणारं हे पेट्रोल पहिल्या दहा शहरांमध्येच मुंबई-पुण्याला मिळालं. त्यात इथेनॉल नसतं. मुंबईत साधं १०३-१०४ रुपये असताना हे १६० च्या आसपास होतं, म्हणजे ५० लिटरच्या टाकीला पावणेतीन हजारांचा फरक. एवढे पैसे कशासाठी द्यायचे? शंभर ऑक्टेन स्वतःहून ताकद देत नाही. टर्बो इंजिनात दाब आणि उष्णता वाढली की मिश्रण ठिणगीनंतर स्वतःच पेट घेऊ पाहतं; यालाच नॉक म्हणतात. नॉक सेन्सरला ते कळतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, ठिणगी उशिरा टाकतो. इंजिन वाचतं, पण जोर कमी होतो आणि एक्झॉस्ट तापतो. जास्त ऑक्टेनमुळे हा रोखलेला जोर परत मिळतो.

हे डोळ्यांनी पाहता येतं. ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं उपकरण) लावून मे महिन्याच्या दुपारी बोरघाट चढा. खाली पनवेलजवळ शांतपणे चालताना टायमिंग करेक्शन, म्हणजे ठिणगी किती मागे ढकलली तो आकडा, शून्याजवळ असतं. चढावर ट्रकमागून बाहेर पडून ॲक्सिलरेटर दाबला, इनटेकचं तापमान साठीकडे गेलं, की एकेका सिलिंडरसमोर उणे तीन, उणे साडेचार अंश असे आकडे दिसू लागतात. कानाला काहीच ऐकू येत नाही. तुमच्या रोजच्या वापरात हे आकडे वारंवार दिसत असतील तर १०० चे पैसे वसूल होतात. बांद्रा ते लोअर परळ सिग्नल-सिग्नल चालवत असाल तर मुळीच होत नाहीत.

बहुतेकांसाठी मला पटणारा मार्ग मधला आहे: अर्धी टाकी १०० आणि अर्धी साधं. ई२० मध्ये तेवढंच इथेनॉलरहित पेट्रोल मिसळलं की मिश्रण साधारण ई१० होतं आणि ऑक्टेन ९७-९८ च्या आसपास जातं. युरोपीय स्टिकरवर जे मागितलंय त्याच्या हे अगदी जवळ आहे, आणि खर्चाचा फरक निम्म्यावर येतो. महिनाभर उभी ठेवायची गाडी असेल तर मात्र शेवटची टाकी पूर्ण १०० ची भरून ठेवा.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्या मी सुचवत नाही. ‘पाच पॉइंट वाढतील’ याचा अर्थ बऱ्याचदा ९५ चे ९५.५ एवढाच असतो, आणि मँगनीजवाल्या बाटल्या स्पार्क प्लगवर नारिंगी थर सोडतात.

कमी आरपीएमवर, वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर टर्बो इंजिनात होणारं प्री-इग्निशन, म्हणजे ठिणगीआधीच मिश्रण पेटणं, हे वेगळं प्रकरण. त्यावर महागडं पेट्रोल भरवशाचा इलाज नाही. एपीआय एसपी दर्जाचं किंवा कंपनीने मंजूर केलेलं ऑइल वापरा, आणि घाटात गिअर खाली घ्या.

राहिला रीमॅप, म्हणजे जास्त ताकदीसाठी इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलणं. फक्त १०० वर चालेल असा मॅप कितीही मोहात पाडत असला तरी करू नका. मुंबई-गोवा रस्त्यावर पनवेल सोडलं की पुढच्या पंपावर १०० मिळेलच याची खात्री धरता येत नाही, आणि तिथे नाइलाजाने भरलेलं साधं पेट्रोल त्या मॅपवर कशेडीचा चढ चढताना इंजिनावर बेतू शकतं. मॅप ९५ साठी बेतलेला हवा. सेकंड-हँड गाडी घेत असाल तर जुन्या मालकाला आधी हेच विचारा: मॅप केलाय का, आणि कोणत्या ऑक्टेनवर? नीट उत्तर आलं नाही तर गाडी मूळ सॉफ्टवेअरवर परत आणायचा खर्च धरूनच किंमत बोला.